लिनक्स संगणकावर ऑनलाइन व्हिडिओ विनाअडथळा कसे पाहावेत?

लिनक्सवर व्हिडिओ पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर बसवा, असा सल्ला जुन्या लेखांत अजूनही सापडतो. तो खुशाल सोडून द्यावा. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि आता व्हिडिओ ब्राउझर स्वतःच चालवतो. तरीही व्हिडिओ अडला, तर संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याआधी तो मुळीच सुरू होत नाही की सुरू होऊन अडखळतो, हे पाहावे.

बहुतेक संकेतस्थळांवर व्हिडिओ सुरूच होत नसेल, तर बहुधा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची व पुन्हा उलगडण्याची प्रणाली, नसतो. एच.२६४ हा सर्वाधिक वापरला जाणारा कोडेक पेटंटच्या कक्षेत येत असल्याने लिनक्सची काही वितरणे (उबुंटू, फेडोरा यांसारखे तयार संच) तो मूळ संचात पूर्णपणे देत नाहीत. उबुंटूवर ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हे पॅकेज बसवावे. फेडोरावर ‘आरपीएम फ्यूजन’ हे सॉफ्टवेअरचे भांडार जोडून त्यातील एफएफएमपेग हा कोडेकचा संच संपूर्ण रूपात घ्यावा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

फक्त सशुल्क चित्रपट-मालिकांच्या सेवाच चालत नसतील, तर अडचण डीआरएमची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाची, असते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ विभागात डीआरएम-नियंत्रित सामग्री चालवण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण केली की वाइडव्हाइन हा ते कुलूप उघडणारा घटक आपोआप उतरतो. मात्र लिनक्सवर अशा अनेक सेवा सर्वोच्च दर्जाचे चित्र देत नाहीत, आणि त्यावर वापरकर्त्याच्या हाती फारसे काही नसते.

खरी डोकेदुखी अडखळणाऱ्या व्हिडिओची. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडावे. उघडलेल्या चौकटीत ‘बफर हेल्थ’चे (आगाऊ उतरवून ठेवलेल्या व्हिडिओचे) सेकंद शून्याकडे घसरत असतील, तर दोष इंटरनेटच्या वेगाचा आहे. बफर भरलेला असूनही ‘फ्रेम्स’च्या ओळीतील ‘ड्रॉप्ड’चा, म्हणजे गाळलेल्या चित्रांचा, आकडा वाढत असेल, तर संगणकालाच चित्र उलगडणे झेपत नाही. मग त्याच चौकटीतील कोडेकची ओळ वाचावी: ‘एव्ही०१’ म्हणजे एव्ही१, ‘व्हीपी०९’ म्हणजे व्हीपी९ आणि ‘एव्हीसी१’ म्हणजे एच.२६४. एव्ही१ उलगडण्याची सोय डेस्कटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये साधारण २०२० पासून येऊ लागली. त्याआधीच्या यंत्रावर हे सारे ओझे प्रोसेसरवर पडते आणि पंखा घोंघावू लागतो.

ग्राफिक्स चिपची मदत मिळते आहे का, हे फायरफॉक्सच्या ‘हेल्प’ मेनूतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर कळते. तेथील ‘मीडिया’ विभागातील तक्त्यात प्रत्येक कोडेकपुढे हार्डवेअर डिकोडिंग (चिपकडून चित्र उलगडणे) उपलब्ध आहे की नाही, हे दिलेले असते. एच.२६४ पुढेही नकार असेल, तर ब्राउझरला चिपकडून हे काम करून घेऊ देणारा व्हीए-एपीआय ड्रायव्हर बसवावा: इंटेलच्या नव्या चिपसाठी ‘इंटेल मीडिया’, फार जुन्यांसाठी ‘आय९६५’, तर एएमडीसाठी मेसा. केवळ एव्ही१ किंवा व्हीपी९ पुढे नकार असेल, तर यूट्यूबला एच.२६४ देण्यास भाग पाडणारे ‘एनहान्स्ड एच२६४ईफाय’ हे ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन पुरेसे ठरते. त्यामुळे चित्र १०८० पिक्सेलच्या वर जात नाही, पण जुन्या यंत्राच्या पडद्याला बहुधा तेवढेच पुरते.

ब्राउझरच जड वाटत असेल, तर एमपीव्ही हा हलका प्लेअर घ्यावा. त्याच्यासोबत ‘वायटी-डीएलपी’ हे संकेतस्थळावरून व्हिडिओ मिळवणारे साधन बसवले आणि संकेतस्थळाच्या अटींत बसत असेल, तर व्हिडिओचा दुवा त्याला थेट देता येतो. काही दिवसांनी दुवे उघडेनासे झाले, तर एमपीव्हीला दोष देण्याआधी ‘वायटी-डीएलपी’ अद्ययावत करावे, कारण संकेतस्थळे वरचेवर बदलतात आणि वितरणाच्या भांडारातील आवृत्ती बऱ्याचदा मागे राहिलेली असते.