दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा कालावधी कसा काढावा

दोन विमानतळांमधील हवाई अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्‌वृत्ताचा (पृथ्वीच्या केंद्रावरच केंद्र असलेल्या वर्तुळाचा) चाप, आणि नेहमीच्या नकाशावर तो बहुधा ध्रुवाकडे झुकलेला दिसतो. म्हणून सुरुवात अक्षांश-रेखांशांपासून करावी आणि तेही शहराचे नव्हे, तर विमानतळाचे घ्यावेत. एकाच शहरात अनेक विमानतळ असतील, तर तीन अक्षरी संकेतावरून नेमका विमानतळ ठरवून घ्यावा.

लंडनचा हीथ्रो (एलएचआर) आणि न्यूयॉर्कचा केनेडी (जेएफके) ही जोडी घेऊ. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोन गुणाकारांची बेरीज येथे ०.६४५ येते, आणि ती ज्या कोनाची कोसाइन आहे तो कोन सुमारे ४९.८३ अंशांचा आहे. बृहद्‌वृत्तावरचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर भरते. दक्षिण अक्षांश आणि पूर्व-पश्चिमेपैकी एका बाजूचे रेखांश ऋण धरावेत. बहुतेक चुका तेथेच होतात. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो, आणि प्रवासाच्या नियोजनात तो नगण्य आहे.

प्रत्यक्ष मार्ग याहून लांब असतो, कधी थोडा, तर कधी बराच. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाले, तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास असलेले हेलसिंकी-टोकियो उड्डाण सुमारे तेरा तासांवर गेले. विमानतळांमधील अंतर मात्र होते तेवढेच होते.

आता वेळ. लांब पल्ल्याच्या जेट विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरावा, मात्र भागाकार जमिनीच्या सापेक्ष वेगाने करावा. मध्य अक्षांशांवर जेट प्रवाह (खूप उंचीवरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. वाऱ्याचा वेग सरासरी ताशी १०० किलोमीटर धरल्यास लंडनकडे येताना साडेपाच तास लागतात आणि न्यूयॉर्ककडे जाताना जवळजवळ सात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका ७४७ विमानाने वादळी वाऱ्याच्या बळावर केनेडीहून हीथ्रो ४ तास ५६ मिनिटांत गाठले होते. अंदाज बांधताना अर्थातच असा दिवस गृहीत धरू नये. चढ-उतार आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा यांसाठी अर्धा तास मिळवावा; गर्दीच्या विमानतळांसाठी तोही कमीच पडतो. वेळापत्रकातला कालावधी गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असल्यामुळे तो निव्वळ उड्डाणापेक्षा नेहमी जास्त दिसतो.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, म्हणून वजाबाकीआधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात. हिवाळ्यात न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता लंडनला पोहोचणारा प्रवास बारा तासांचा नसून सातच तासांचा असतो. मार्चमध्ये मात्र अधिक जपावे: अमेरिकेतील घड्याळे दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी, आणि मधल्या काळात दोन्ही शहरांच्या घड्याळांतील फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.