ऑफलाइनचं आश्वासन मोडलं? आधी स्क्रीनशॉट, मग शिव्या

आगाऊ पैसे भरलेल्या गेमच्या कंपनीकडून मेल आली की ‘ऑफलाइन मोड (म्हणजे नेटशिवाय खेळायची सोय) आता देता येणार नाही’ आणि पैसे परत हवे असतील, तर त्या क्षणी एकच पथ्य पाळा: गेम उघडू नका. ‘बघू तरी कसा चालतो’ म्हणून अर्धा तासही नको. का, ते २०१४ साली ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळातला गेम घेतलेल्यांना विचारा.

ती हकिगत सांगतो, कारण पुढची सगळी कामं तिच्यातूनच निघतात. २०१२ च्या शेवटी फ्रंटियर या ब्रिटिश कंपनीने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, या गेमसाठी पैसे मागितले. प्रमुख डेव्हिड ब्रेबेन, म्हणजे १९८४ च्या मूळ ‘एलिट’च्या दोन कर्त्यांपैकी एक. जुन्या माणसांनी विश्वासाने खिसे मोकळे केले, पंधरा लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. मोहीम चालू असतानाच कंपनीने सांगितलं की नेटशिवाय, एकट्याने खेळायची सोय असेल. आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम १६ डिसेंबरला बाजारात यायचा होता तेव्हा, न्यूजलेटरमधून कळलं की ती सोय रद्द. कारण काय, तर गेममधल्या आकाशगंगेतल्या घडामोडी कंपनीच्या सर्व्हरवरून चालणार, नेटशिवायचा गेम अगदीच तोकडा होईल. कारण खोटं असेलच असं नाही. पण ते पैसे घेताना सांगायचं असतं.

लोक भडकले. नेट धड नसलेल्या ठिकाणी राहणारे भडकले, उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला तर गेमचं काय असं विचारणारे भडकले. त्यांना उलट विचारणारेही होतेच: ‘आजच्या काळात नेट नाही कोणाकडे?’ हे मला मुलुंडमध्ये राहून कोणी विचारावं! आमच्या गल्लीत फायबरची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर झाडाच्या फांदीला बांधून गेलेली आहे. पावसाळ्यात फांदी पडली की वायर गेली, पावसाआधी रस्ता खणला की वायर गेली, आणि केबलवाला ‘माणूस पाठवलाय’ म्हणतो. मेट्रो ३ सुरू झाली तेव्हा भुयारात मोबाइलला रेंज नाही म्हणून किती बोंब झाली होती, आठवत असेल.

तर परताव्याकडे. फ्रंटियरने सुरुवातीला भूमिका घेतली की ज्यांनी गेम घेऊन ठेवलाय पण खेळलेला नाही, त्यांना पैसे परत. ज्यांची अल्फा-बीटा, म्हणजे बाजारात यायच्या आधीची चाचणीची आवृत्ती खेळून झाली आहे, त्यांना नाही. आरडाओरडा झाल्यावर प्रत्येक प्रकरण वेगळं तपासू, इथवर गाडी आली. म्हणून म्हटलं, उघडू नका.

आता पुरावा. मी सोसायट्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे मला सवय आहे: सभेत कोण काय बोललं याला किंमत नाही, इतिवृत्तात काय आलं याला आहे. गेमच्या विक्रीपानावरचं ‘ऑफलाइन’ हे वाक्य आज आहे, उद्या नसेल. ते पान कंपनीच्याच हातात असतं. म्हणून ताबडतोब त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वरचा पत्ता आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसेल असा. पान पीडीएफ करून ठेवा. मग वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर जाऊन त्या पत्त्याची जुनी प्रत आहे का बघा; वाक्य आधीच पुसलं असेल तर तिथे सापडू शकतं. नसेल तर आजची प्रत तिथेच जतन करा. तुमच्या फोनमधल्या फोटोवर ‘एडिट केलाय’ म्हणता येतं, तिऱ्हाइताकडच्या प्रतीवर तसं म्हणणं जड जातं. यासोबत पैसे भरल्याची पावती, बँकेचा किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि रद्द केल्याची मेल. सगळं एका फोल्डरमध्ये.

माझ्या भाच्याने अशाच एका प्रकारात (कंपनीचं नाव जाऊ दे) सपोर्टला जी मेल लिहिली होती, तिच्यात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होता, पण ऑर्डर क्रमांक नव्हता. ‘मामा, पण मी खरंच चिडलोय,’ म्हणे. चिड ना बाबा, पण मेलमध्ये नको. आम्ही मग असा मसुदा केला:

‘अमुक तारखेला, अमुक पानावरचं ऑफलाइन मोडचं आश्वासन वाचून मी हा गेम घेतला. पानाची प्रत जोडली आहे. अमुक तारखेच्या मेलने आपण ती सोय रद्द केली. ते कळल्यापासून मी गेम खेळलेलो नाही. भरलेली पूर्ण रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ऑर्डर क्रमांक अमुक.’

इंग्रजीत पाठवा, पण इतकंच. तुम्ही लहानपणापासून त्यांचे चाहते आहात हे लिहायची गरज नाही. ‘शक्य असल्यास’ हे शब्द तर चुकूनही नकोत. तक्रारीचा तिकीट क्रमांक मिळेल, तीच तुमची पोच.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, कारण तिथलं घड्याळ वेगळं चालतं: परताव्याचा अर्ज खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळ २ तासांपेक्षा कमी. आगाऊ नोंदणी असेल तर गेम येईपर्यंत केव्हाही रद्द करता येते. मुदत उलटली तरी अर्ज करता येतो. मिळेल याची खात्री नाही, पण कारण नेमकं लिहा. किकस्टार्टरवर दिलेल्या पैशांचं मात्र अवघड. ते स्वतःच सांगतात की आम्ही दुकान नव्हे.

बँकेत जाऊन व्यवहार उलटवायचा मार्ग काही जण सुचवतील. जपून. दुकान तुमचं खातं अडवू शकतं, आणि मग एका गेमसाठी बाकीचे सगळे अडकतात.

इथवर काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फुकट आहे, तक्रार ऑनलाइनही घेतात, आणि वकील लागत नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. परदेशी कंपनीकडून वसुली व्हायला वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन हजारांसाठी आयोगात जायचं का हे स्वतःच ठरवा. १९१५ मात्र सोडू नका. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते, कागद घेऊन तिथेही विचारता येतं.

आणि हो, रिव्ह्यू लिहाच. चौघांच्या बोलण्याने काही होत नाही, हे खरं नाही. २०१३ साली ‘सिमसिटी’ हा शहर वसवायचा गेम आला तेव्हा सर्व्हर कोलमडले. कंपनी म्हणत होती की बरंच गणित सर्व्हरवर होतं, ऑफलाइन करणं सोपं नाही. एका हौशी माणसाने नेट तोडूनही शहर चालवून दाखवलं. मार्च २०१४ मध्ये ऑफलाइन मोड आला. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ हा नेटवरच चालणारा रेसिंग गेम बंद केला, लोकांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम चालवली, आणि त्याच वर्षी ‘द क्रू २’साठी ऑफलाइन मोड देऊ असं कंपनीला जाहीर करावं लागलं. रिव्ह्यूत शिव्या घाला हवं तर, पण वर पहिल्या ओळीत तारीख, आश्वासन आणि काय काढून घेतलं ते असू दे.

पुढच्या खरेदीच्या वेळी ‘सिंगल प्लेअर’ वाचून ऑफलाइन समजू नका. ‘एलिट’मध्येही एकट्याने खेळायचा मोड होता, त्याला नेट लागायचंच. स्टीमचा ऑफलाइन मोडही वेगळा, तो फक्त स्टीमपुरता; त्याने गेम नेटशिवाय चालेलच असं नाही. खरी परीक्षा स्टीमच्या त्या २ तासांतच घ्या: गेम एकदा चालवून बंद करा, वायफाय बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, गेम उघडा, थोडं खेळून सेव्ह करा, बाहेर पडून पुन्हा तोच सेव्ह उघडा. कुठेही ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ आलं, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी परताव्याचा अर्ज टाका. जीओजी या, इन्स्टॉलरची फाइल उतरवून ठेवू देणाऱ्या गेमच्या दुकानात मिळत असेल तर तिथून घ्या, आणि ती फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.