गाव सोडण्याआधी आईच्या हातचे माप कसे उतरवून घ्यावे

नोकरीची ऑर्डर हातात पडली की भाड्याचे घर, डिपॉझिट, गॅसची जोडणी आणि सामानाचा टेम्पो यांतच दिवस निघून जातात, आणि घरच्या पाककृतींची आठवण होते ती बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री, मसाल्याचा डबा बॅगेत कोंबताना. तो डबा तीन-चार महिने पुरतो. तो संपल्यावर फोन करून विचारले, की पलीकडून उत्तर येते, "अगं, अंदाजानं घालायचं." मी सांगलीहून बेंगळूरला गेले तेव्हा माझे नेमके हेच झाले आणि पुढचे सहा महिने आमची आमटी अंदाजपंचे दाहोदरसे शिजत राहिली. म्हणून धाकटा भाऊ म्युनिकला निघाला, तेव्हा आम्ही दीड महिना आधीपासून हे काम नीट बसून केले. तीच पद्धत येथे क्रमाने देत आहे.

१. यादी लहान ठेवावी

घरातल्या प्रत्येक पदार्थाची कृती लिहून घेण्याच्या फंदात पडू नये. एकही धड होत नाही. कांदेपोहे, उपमा, कोशिंबीर कुठेही शिकता येतात. ज्यांची चव आपल्याच घरची असते असे आठ-दहा पदार्थ पुरे आहेत: गोडा मसाला, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी, रोजची आमटी, मेतकूट, कैरीचे लोणचे, पुरणाची पोळी. यादी करताना घरातल्या प्रत्येकाला एक पदार्थ सुचवायला सांगावे, कारण करणाऱ्याची आणि खाणाऱ्याची यादी कधीच जुळत नाही. आईने पहिल्याच दमात अनारसे सांगितले. भावाला मात्र शाळेच्या डब्यातली बटाट्याची सुकी भाजी हवी होती, आणि आईच्या मते ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

२. घरची भांडी मोजून घ्यावीत

"दोन वाट्या" हे माप त्या घरातल्या त्या वाटीपुरतेच खरे असते. आमच्या मांडणीवर तीन आकारांच्या वाट्या निघाल्या. पाणी भरून मोजल्यावर त्या ११०, १५० आणि २१० मिलिलिटरच्या भरल्या, आणि आई तिन्हींना नुसते "वाटी" म्हणत होती. म्हणून स्वयंपाकाला बसण्याआधी, रोज वापरात असलेली वाटी, चमचा, डाव, फुलपात्र आणि पिठाच्या डब्यातले वाडगे पाण्याने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. परदेशी जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की कप आणि चमचेही सगळीकडे सारखे नसतात: जपानमध्ये कप २०० मिलिलिटरचा असतो, अमेरिकेत सुमारे २४० मिलिलिटरचा, आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचा १५ ऐवजी २० मिलिलिटरचा असतो.

मीठ मात्र कधीही चमच्यात लिहू नये. खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे बसते, आणि लोणचे बिघडते ते बहुतेक वेळा इथेच.

३. आईला विचारू नये, डबा तोलावा

या साऱ्या कामाचे मर्म या पायरीत आहे. "किती घालतेस?" असे विचारले, की करणारी व्यक्ती क्षणभर थांबते, विचार करते आणि आपल्याला सोयीचा वाटेल असा एखादा आकडा सांगते, तो आकडा आणि तिच्या हातून प्रत्यक्ष पडणारे जिन्नस यांत पुष्कळ अंतर असते. त्याऐवजी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा ओट्यावर ठेवावा आणि प्रत्येक डबा तिने हात घालण्याआधी व नंतर तोलावा. फरक हेच खरे माप. तिला नेहमीच्या गतीने काम करू द्यावे, मध्ये अडवू नये.

आमच्या गोड्या मसाल्याच्या दिवशी आईच्या एका मुठीत धणे ३८ ग्रॅम आले आणि दगडफूल अवघे ११ ग्रॅम. माझ्या मुठीत धणे २९ ग्रॅमच मावले. गेली कित्येक वर्षे मी "पाच मुठी धणे" हे वाक्य प्रमाण मानून मसाला करत होते आणि तो उग्र का होतो, हे मला कळत नव्हते. लवंग, दालचिनी, मिरे मी मोजून घेत होते. कमी पडत होते ते धणे.

पिठाच्या पदार्थांत पाण्याचा तांब्याही असाच तोलावा. "पीठ मागेल तेवढं पाणी" हे आईचे उत्तर खोटे नाही, कारण जुने पीठ, नवे पीठ आणि पावसाळ्यातले पीठ वेगवेगळे पाणी मागते. पण सुरुवात कुठून करायची हे तरी वजनावरून कळते.

भाजणीचे काम सोपे आहे, कारण तिथे प्रमाण महत्त्वाचे असते. चकलीच्या भाजणीला आमच्याकडे तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडदाची डाळ ४:२:१ असे घेतात, वर धणे-जिरे. वाटी कुठलीही घ्या, सगळे त्याच वाटीने मोजले म्हणजे झाले. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, आणि गिरणीवाल्याला दळण बारीक हवे की रवाळ हे सांगायचे. गिरणीतली ही सूचनाही कृतीचाच भाग समजून वहीत लिहावी.

४. शब्दांच्या खुणा कराव्यात

खमंग, खरपूस, तेल सुटेपर्यंत, कच्चेपणा जाईपर्यंत, चिमूटभर पुढे. हे शब्द आपल्याला कळतात असे आपल्याला वाटते. प्रत्येक शब्दापुढे डोळ्यांना, कानांना किंवा नाकाला पटेल अशी एक खूण लिहावी: तीळ तडतडायचे थांबण्याआधी उतरवणे, पुरणात झारा उभा राहणे, रव्याचा वास येऊ लागल्यावर आणखी दोन मिनिटे.

मोबाइलवर चित्रीकरण जरूर करावे, पण तासाभराची फीत कोणी पुन्हा पाहत नाही. मोक्याच्या जागांचे वीस-तीस सेकंदांचे तुकडे घ्यावेत, आणि कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यामागून कढईवर धरावा, म्हणजे पदार्थ तिच्या डोळ्यांना जसा दिसतो तसा दिसतो. रंगाच्या बाबतीत मात्र मोबाइलवर विसंबू नये; ट्यूबलाइटखाली सगळेच धणे पिवळे दिसतात. आम्ही बरोबर भाजलेले चमचाभर धणे आणि हरभऱ्याची डाळ दोन छोट्या बाटल्यांत घालून भावाच्या सामानात दिली. पुढच्या वेळी कढईतला रंग त्या बाटलीशेजारी धरून पाहायचा, एवढेच.

कुकरच्या शिट्ट्या मोजून लिहिणे मी बंद केले आहे. शेगडी बदलली की शिट्टीचा वेग बदलतो. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून किती मिनिटे ठेवले, हे लिहावे.

५. जुनी वही वाचताना

आजीच्या वहीत पावशेर, छटाक, तोळा अशी मापे असतील, तर घाईने पावशेराचे २५० ग्रॅम करू नयेत. दशमान पद्धतीची वजने आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. म्हणजे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम, छटाक सुमारे ५८ ग्रॅम आणि तोळा ११.६६ ग्रॅम. शिवाय शेर सगळीकडे एकसारखा नव्हता, आणि पायली हे वजन नसून धान्य मापण्याचे भांडे होते. संपूर्ण कृती शेरात असेल तर काहीच बिघडत नाही, प्रमाण तेच राहते. घोटाळा होतो तो साखर किलोत आणि डाळ शेरात लिहिलेल्या पानांवर, आणि साठच्या दशकातल्या वह्यांत अशी पाने हमखास सापडतात.

६. आईला खुर्चीवर बसवावे

निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी प्रत्येक पदार्थ जाणाऱ्याने स्वतः, वहीत पाहून करावा आणि शिकवणाऱ्याने हात न लावता समोर बसावे. हे ऐकायला सोपे वाटते. आमची आई पहिल्या दिवशी चार वेळा उठली. पण ती जिथे जिथे उठली, तिथे तिथे वहीत काहीतरी राहून गेले होते: हिंग तेलात घालायचा की वर भुरभुरायचा, चिंचेचा कोळ घालण्याआधी डाळ घोटलेली हवी, गूळ आच मंद केल्यावर घालायचा. चार वेळा उठली, चार ओळी वाढल्या. भाऊ थालीपीठ थापताना तिने एकदाच, "पाण्याचा हात घे, पाण्याचा," असे म्हटले. तेही लिहून ठेवले.

७. बांधाबांध

देशातच जायचे असेल तर फार विचार लागत नाही. विमानाने जाताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नयेत; खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकणाऱ्या मालात मोडते आणि विमानतळावर काढून ठेवावे लागते. मिरचीपूड व मसाले हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत द्यावेत. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खवा आणि घरचे तूप घरीच राहते. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जात जाहीर करावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा गुन्हा ठरतो, तेव्हा अनारशांवरची आणि मसाल्यातलीही खसखस आधीच वगळावी.

मसाला करताना आम्ही आता एक बदल कायमचा केला आहे: प्रवासाच्या मसाल्यात खोबरे आणि तीळ घालतच नाही. मसाला खवट होतो तो या दोन जिनसांमुळे. बाकीचे भाजून, दळून, शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटांत तारीख घालून द्यावे आणि प्रत्येक पाकिटावर "उघडल्यावर इतके खोबरे, इतके तीळ भाजून मिसळावे" असे लिहावे. ही पाकिटे फ्रीझरमध्ये छान टिकतात.

८. नव्या ओट्यावर पहिला महिना

पहिल्यांदा फोडणी जळते. गॅस बंद केला की आच संपते. काचेच्या विजेच्या शेगडीची चकती मात्र बंद केल्यावरही तापलेली राहते. मोहरी तडतडली की कढले उचलून बाजूला घ्यावे, मग हिंग-हळद घालावी. इंडक्शन शेगडीवर अॅल्युमिनियमची कढई चालत नाही, बिडाचा तवा चालतो. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असल्याने इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे उपयोगाचा नाही.

पाण्याचाही हिशेब धरावा. बेंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावर आहे आणि तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातल्या भाताला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. म्युनिकचे नळाचे पाणी जड आहे. अशा पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, म्हणून ती तासभर भिजवून लावावी.

मिळेल ते जिन्नस वापरण्यात कमीपणा नाही. ज्वारीचे पीठ परदेशात ग्लूटेन नसलेल्या पिठांच्या फळीवर सापडते, पण ते जुने असते. अशा पिठाची भाकरी उकळत्या पाण्यात उकड काढून मळली तरच थापताना चिरत नाही. नव्या ठिकाणी पदार्थ केला, की त्याच दिवशी वहीत तारीख घालून बदल लिहावा: कोणते पीठ, किती पाणी, आच कुठल्या आकड्यावर.

वहीच्या दोन प्रती असाव्यात, एक जाणाऱ्याजवळ आणि एक घरी. दुसरी प्रत घरी ठेवण्याचे कारण आम्हाला नंतर कळले. भाऊ रविवारी दुपारी फोन लावून ओट्यावर ठेवतो, आणि आई सांगलीत तेच पान उघडून बसते. तो म्हणतो, "तिसरी ओळ झाली," आणि ती पेन्सिलीने त्या ओळीपुढे खूण करते. गेल्या महिन्यात तिने आपल्या प्रतीत आमटीच्या पानावर गुळापुढे लिहिलेला आकडा खोडून पाच ग्रॅमने कमी केला, कारण तिकडचा गूळ, तिच्या म्हणण्याप्रमाणे, जास्त गोड लागत असणार.