तळाच्या संघाविरुद्धच्या सामन्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

हिवाळ्यात इंग्लंडमधील दुपारी तीनचे फुटबॉल सामने आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात, आणि त्याच्या तासभर आधी नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर अंदाजांची वही उघडली जाते. ज्याचा अंदाज निकालापासून सर्वांत दूर जाईल त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे, एवढाच आमचा नियम आहे. ही वही काही वर्षांपासून माझ्याकडे असते. ती चाळताना असे दिसते की दोन तुल्यबळ संघांच्या सामन्याआधी आम्ही दुखापती, मैदान, अलीकडचा खेळ असे सगळे बघून लिहितो, पण समोर गुणतक्त्याच्या तळाचा संघ असला की सगळे जण न थांबता 3-0 किंवा 4-0 लिहून वही पुढे सरकवतात. आमच्या सर्वांत मोठ्या चुका त्याच पानांवर आहेत, म्हणून त्या नीट मांडाव्यात असे मला वाटले.

मागच्या भेटीचा स्कोअर पुढे ओढणे

27 ऑगस्ट 2022 रोजी लिव्हरपूलने घरच्या मैदानावर बोर्नमथचा 9-0 असा पराभव केला. त्याच हंगामात 11 मार्च 2023 रोजी हे दोन संघ बोर्नमथच्या मैदानावर पुन्हा भेटले, तेव्हा बोर्नमथ तक्त्यात शेवटच्या स्थानावर होता आणि लिव्हरपूलने जेमतेम सहा दिवसांपूर्वी मँचेस्टर युनायटेडला 7-0 ने हरवले होते. अशा वेळी कोणता चाहता लिव्हरपूलच्या विजयाखेरीज काही लिहील? सामना बोर्नमथने 1-0 ने जिंकला, आणि मोहम्मद सलाहने पेनल्टी बाहेर मारली.

मागे वळून पाहिले तर सूचना समोरच होत्या. नऊ गोल खाल्ल्यानंतर तीनच दिवसांत बोर्नमथने आपला प्रशिक्षक बदलला होता, म्हणजे ऑगस्टमधला संघ आणि मार्चमधला संघ यांच्यात नावाखेरीज फारसे साम्य उरले नव्हते. लिव्हरपूलला मार्चमधल्या या सामन्यानंतर चारच दिवसांनी माद्रिदमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, सामना खेळायचा होता. जुना निकाल वापरायचाच असेल तर आधी हे तपासावे की तेव्हाचा प्रशिक्षक, तेव्हाची बचावफळी आणि तेव्हाचे मैदान आजही तेच आहे का. या तिन्हींपैकी दोन गोष्टी बदलल्या असतील, तर मी तो निकाल आता विचारातच घेत नाही.

विजयाची खात्री आणि स्कोअरची खात्री एकच समजणे

ही चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती अभ्यासू चाहतेही करतात. समजा, आपला संघ या सामन्यात सरासरी 2.5 गोल करील आणि समोरचा संघ 0.6 गोल करील असे आपण धरले, जे बलाढ्य संघाच्या बाजूने बऱ्यापैकी उदार गृहीतक आहे. किती गोल होण्याची किती शक्यता आहे हे काढण्यासाठी नेहमी वापरली जाणारी प्वासाँची गणिती पद्धत लावली, तर आपल्या विजयाची शक्यता साधारण 79 टक्के, बरोबरीची 14 टक्के आणि पराभवाची 7 टक्के येते. मात्र नेमक्या 3-0 या स्कोअरची शक्यता 12 टक्क्यांच्या आत राहते, आणि सर्वांत संभाव्य स्कोअर 2-0 असूनही त्याची शक्यता 14 टक्क्यांच्या आसपासच असते. समोरचा संघ किमान एक गोल करण्याची शक्यता तर 45 टक्के आहे. तरीही आमच्या वहीत दुबळ्या संघापुढे जवळपास नेहमी शून्यच लिहिलेले असते.

हे कागदावरचे गणित मैदानावर कितपत टिकते, हे पाहायला डर्बी काउंटीचा 2007-08 चा हंगाम पुरेसा आहे. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या, इतिहासात सर्वांत कमी, म्हणजे 11 गुण मिळवणारा हा संघ 38 सामन्यांत एकदाच जिंकला, पण त्याने आठ सामने बरोबरीत सोडवले. म्हणजे स्पर्धेतला सर्वांत दुबळा ठरलेला संघसुद्धा साधारण दर चार सामन्यांमागे एकात हरला नाही. न्यूकॅसलच्या चाहत्यांना हे विशेष बोचले असणार, कारण डर्बीचा तो एकमेव विजय न्यूकॅसलविरुद्धचा होता आणि परतीचा सामनाही 2-2 असा बरोबरीत सुटला.

बरोबरी लिहायला चाहत्याचा हात धजत नाही, हे मला समजते. आपल्या संघावर प्रेम असताना तळाच्या संघाबरोबर एकेक गुण वाटून घेण्याची कल्पना अपमानासारखी वाटते. परंतु मे 2025 मध्ये मँचेस्टर सिटी साउदॅम्प्टनच्या मैदानावर गेली, तेव्हा साउदॅम्प्टनचे खालच्या श्रेणीत जाणे एप्रिलमध्येच निश्चित झाले होते आणि 35 सामन्यांनंतर त्यांच्या खात्यात केवळ 11 गुण होते. बहुतांश वेळ चेंडू सिटीकडे राहूनही सामना 0-0 असा सुटला, आणि त्या एका गुणामुळे डर्बीच्या नीचांकाशी बरोबरी होण्याची नामुष्की साउदॅम्प्टनने टाळली. ‘त्यांच्याकडे आता खेळण्यासारखे काय उरले आहे?’ असे म्हणण्याआधी त्या संघाचे स्वतःचे एखादे छोटे लक्ष्य शिल्लक आहे का, हे पाहायला हवे.

संघ का हरतो आहे हे न पाहणे

तळाचे दोन संघ एकसारखे नसतात. एखादा संघ आठवड्यामागून आठवडा 0-1 आणि 1-2 असा हरत असतो, म्हणजे त्याचा बचाव शाबूत असतो पण गोल होत नसतात. दुसरा संघ चार-चार गोल खात असतो. पहिल्या प्रकारच्या संघाविरुद्ध 4-0 लिहिणे धाडसाचे आहे, कारण दहा खेळाडू आपल्याच पेनल्टी क्षेत्राभोवती उभे करून तो सामना लांबवू शकतो. गेल्या सहा सामन्यांचे नुसते निकाल न पाहता त्यांतील एक्सजी, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेले अपेक्षित गोल, पाहिले तर हा फरक पटकन कळतो.

याच ठिकाणी कॉर्नर आणि फ्री किकचा विचार करावा. 27 जानेवारी 2021 रोजी शेफील्ड युनायटेड मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उतरला, तेव्हा 19 सामन्यांत त्याचे अवघे 5 गुण होते. त्या रात्री त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 2-1 ने हरवले, आणि त्यांचा पहिला गोल कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर हेडरने झाला होता. खुल्या खेळात मागे पडणाऱ्या संघाला थांबलेल्या चेंडूवर समान संधी मिळते, कारण तिथे उंची, सराव आणि एक चांगली किक एवढ्यावर काम भागते.

आपल्या राष्ट्रीय संघाबाबतही आपण हे विसरतो. 26 मार्च 2024 रोजी गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध विश्वचषक पात्रता फेरीचा सामना होता. फिफा क्रमवारीत तो संघ आपल्यापेक्षा सुमारे 40 स्थानांनी खाली होता, आणि तो सुनील छेत्रीचा 150 वा आंतरराष्ट्रीय सामना होता. छेत्रीने पेनल्टीवर आघाडी मिळवून दिल्यानंतरही भारत 1-2 असा हरला. मात्र पाचच दिवसांपूर्वी याच दोन संघांचा सामना 0-0 असा सुटला होता, आणि अंदाज बांधताना क्रमवारीपेक्षा तो निकाल अधिक उपयोगाचा होता.

आपल्या संघाची यादी येण्याआधी लिहिणे

दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात. मंगळवारी किंवा बुधवारी युरोपातला सामना असेल तर त्याआधीच्या शनिवारी हे बऱ्याचदा घडते. अकरा जणांची यादी सामन्याच्या तासाभरापेक्षा थोडी आधी जाहीर होते, त्यामुळे अंदाज त्यानंतरच लिहावा. आम्ही वही उघडण्याची वेळ याच कारणासाठी पुढे ढकलली.

पहिल्याचे ऐकून लिहिणे

टपरीवर पहिला माणूस 4-0 म्हणाला की दुसरा 3-0 म्हणतो, आणि मनात 1-1 असलेला तिसराही 2-0 वर येतो. आता आम्ही प्रत्येकाला आधी चिठ्ठीवर लिहायला लावतो आणि बोलणे नंतर सुरू करतो. तेव्हापासून पानावर बरोबरीही दिसू लागली आहे.

अंदाज तरीही चुकत असतील तर

सलग पाच सोप्या सामन्यांपैकी एक-दोन चुकले म्हणून पद्धत बदलू नका. प्रत्येक सामन्यात विजयाची शक्यता 79 टक्के असेल, तर पाचही जिंकण्याची शक्यता 31 टक्क्यांच्या आसपासच असते. विजेता बरोबर येतो पण गोल नेहमी जास्त लिहिले जातात, असे दिसत असेल तर पुढच्या दहा सामन्यांत आपल्या पहिल्या अंदाजातून एक गोल कमी करून पाहा. विजेताच चुकत असेल, तर चूक बहुधा आपल्या संघाविषयीच्या मतात असते. बचावात दडून बसणाऱ्या संघांविरुद्ध आपल्या संघाने या हंगामात पहिला गोल कितव्या मिनिटाला केला, याची यादी करावी.

कामठीच्या मैदानावर आयुष्यभर सामने पाहिलेल्या एका काकांकडून मी ही सवय उचलली. ते स्कोअर एकदम सांगत नाहीत. आधी पहिला गोल अर्ध्या तासाच्या आत होईल का ते ठरवतात. झाला, तर मागे पडलेल्या संघाला पुढे यावे लागते, मागे जागा मोकळी होते आणि तीन गोलांचा अंदाज रास्त ठरतो. तासभर खेळ 0-0 राहिला, तर तेच खेळाडू घाईने दुरून फटके मारू लागतात, आणि मग 1-0 किंवा 1-1 हाच समंजस अंदाज असतो. आमच्या वहीत आता प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत, एक पहिल्या गोलाच्या मिनिटाचा आणि दुसरा स्कोअरचा, आणि पहिला रकाना भरल्याशिवाय दुसरा भरता येत नाही.