छोट्या संस्थेची हजेरी, रजा आणि पगार संगणकावर कसे आणावेत: सीमाभागातल्या संस्थांसाठी

पंधरा-वीस माणसांच्या संस्थेत आस्थापनेसाठी वेगळा माणूस नसतो. हिशेब बघणाऱ्या ताईच पगार काढतात, रजा लिहून ठेवतात आणि ऑडिटरचे फोनही घेतात. मग कुणीतरी येऊन सॉफ्टवेअरचा डेमो दाखवतं. रंगीत तक्ते बघून ट्रस्टी खूश होतात. माझं म्हणणं, तो डेमो दोन महिने पुढे ढकला. खालची बहुतेक कामं साध्या गुगल शीटवर होतात, आणि ती न करता घेतलेलं सॉफ्टवेअर जुना गोंधळच जास्त वेगाने छापून देतं.

१. एकच यादी, संस्थेच्या खात्यावर

प्रत्येक माणसासाठी एक ओळ: कर्मचारी क्रमांक, नाव, रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, कामाचं ठिकाण, पगार की मानधन, प्रकल्प, बँक खातं, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक). शीट कुणाच्या खासगी जीमेलवर नको. तो कार्यकर्ता सोडून गेला की यादीही गेली. नोंदणीकृत संस्थांना गुगलचा ना-नफा संस्थांसाठीचा कार्यक्रम पात्रता तपासून फुकट ईमेल आणि ड्राइव्ह देतो, त्याला अर्ज करा. पूर्ण ताबा दोघांकडे असावा, एकाकडे नको.

गावाचं आणि तालुक्याचं नाव हाताने टाइप करू देऊ नका, निवडायची यादी द्या. नाहीतर एकच शहर बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम अशा तीन ठिकाणी मोजलं जातं.

२. नावं जुळवा

आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यावाच लागतो. आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत. शाळेचा दाखला मराठीत, त्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत नुसती आद्याक्षरं. बालवाडीच्या शिक्षिकेचं दाखल्यावर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं. कुठे पाटीलचं स्पेलिंग एका ‘आय’चं, कुठे दोन ‘ई’चं. रोजच्या कामात याने काही अडत नाही. अडतं ते नोकरी सुटल्यावर, पीएफ काढताना. आधार आणि यूएएनवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की दावा परत येतो.

म्हणून शीटमध्ये नावाचे तीन रकाने ठेवा: आधारवर इंग्रजीत जसं छापलंय अक्षरशः तसं, बँकेत आहे तसं, आणि रोजच्या वापराचं मराठी किंवा कन्नड नाव. पहिले दोन वेगळे निघाले तर ती ओळ पिवळी करा. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) सगळीकडे आधारचं नाव चालवा. आधारच चुकीचं असेल तर पहिली दुरुस्ती तिथे, मग पीएफच्या सदस्य पोर्टलवर. तिथल्या काही बदलांना संस्थेची मान्यता लागते, तेव्हा माणूस नोकरीत असतानाच हे उरकून घ्या.

माहिती गोळा करायला गुगल फॉर्म चालेल, पण प्रत्येक प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा. अथणीकडच्या कार्यकर्त्याला फक्त मराठी फॉर्म देणं जितकं चूक, तितकंच जांबोटीच्या ताईंना फक्त इंग्रजी देणं.

३. कामाच्या ठिकाणावरून राज्य ठरवा

संस्थेचं ऑफिस बेळगावात आणि काही काम महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज तालुक्यांत असेल, तर एकाच पगाराला दोन नियम लागतात. कर्नाटकात महिना २५,००० रुपयांच्या आत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात स्त्रियांना २५,००० पर्यंत सूट आहे, पण पुरुषांना ७,५०० च्या वर कर सुरू होतो आणि १०,००० च्या वर तो महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे १२,००० वर काम करणाऱ्या खानापूरच्या कार्यकर्त्याचं काही कापायचं नाही, चंदगडच्या कार्यकर्त्याचे २०० कापायचे. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा संस्थेच्या पत्त्यावरून एकच राज्य आपोआप बसतं. घेण्याआधी विचारा: ठिकाणानुसार राज्य बदलता येतं का?

सुट्ट्यांचंही तेच. १ मे दोन्हीकडे, १ नोव्हेंबर फक्त कर्नाटकात. महाराष्ट्र सरकारची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, बेळगावची चित्ररथ मिरवणूक वैशाखात. त्यात गावागावच्या महालक्ष्मी यात्रा. सुट्ट्यांची शीट ठिकाणवार करा आणि दोन-तीन ऐच्छिक सुट्ट्या ठेवा, यात्रेचं भांडण मिटतं.

माणसं दहा झाली की ईएसआय आणि वीस झाली की पीएफ लागतो, त्यामुळे एकूण संख्या शीटच्या माथ्यावर दिसू द्या. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला: कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के, संस्थेचे ३.२५. पीएफ दोघांचा १२-१२ टक्के. दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. फोनच्या कॅलेंडरला १० तारखेची आठवण लावा, १४ ची नको. आणि नुसतं मानधन म्हटल्याने कुणी कायद्यातून सुटत नाही. रोज ठरलेल्या वेळी तुमच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या माणसाबद्दल सल्लागाराला आधीच विचारा.

४. हजेरी

बोटाचं यंत्र ऑफिसच्या भिंतीवर आणि माणसं कणकुंबीत, याला काही अर्थ नाही. लोकेशनसह हजेरी घेणारी ॲप छान, पण जुलैतल्या पावसात घाटाकडे रेंज मिळत नाही आणि गुगल फॉर्म नेटशिवाय जात नाही. केंद्रावर कागदी मस्टरच राहू द्या. शनिवारी पानाचा फोटो ऑफिसच्या नंबरवर, सोमवारी शीटमध्ये नोंद. बाकी ठिकाणी शीट आधी ऑफलाइन उघडायची सोय करून ठेवली की फोनवरून भरता येते, रेंज आली की आपोआप चढते. रजेच्या अर्जाला मात्र फॉर्म हवाच. व्हॉट्सॲपवरचं ‘सर, उद्या येत नाही’ महिनाअखेरीला कुणाला सापडत नाही.

हजेरीपुढे आणखी एक रकाना: अर्ध्या दिवसाचा प्रकल्प कोड, म्हणजे तो अर्धा दिवस कुठल्या प्रकल्पाच्या कामात गेला त्याची खूण. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती. शाळेतल्या शिक्षकांचा, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार त्यात धरत नाहीत, व्यवस्थापन बघणाऱ्यांचा धरतात. छोट्या संस्थेत समन्वयक सकाळी गावात प्रशिक्षण घेते आणि दुपारी ऑफिसची कामं उरकते. तिचा पगार कुठे किती टाकला, हे मार्चमध्ये आठवून लिहिलेलं ऑडिटरला लगेच कळतं.

५. आता सॉफ्टवेअर बघा

तीन महिने शीट नीट चालली आणि तरी पगाराला दोन दिवस जात असतील, तर वेळ आली. फ्रॅपे एचआर हे मुक्त स्रोताचं (ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता येतो असं) भारतीय सॉफ्टवेअर आहे. ते फुकट असलं तरी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नाही. विकत घेणार असाल तर एकच हट्ट धरा: सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे.

आधारच्या झेरॉक्सचे फोटो ग्रुपवर टाकू नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार बहुतेक कामांना पुरतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे, आणि मराठी-कन्नड दोन्ही त्यात आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारीची कागदपत्रं या शीटमध्ये कधीच नकोत. ती अंतर्गत समितीकडेच राहतात.

६. माणूस जाताना

शेवटच्या दिवशी तीन कामं: शीट आणि ईमेलचा ताबा काढणं, उरलेल्या रजेचा हिशेब, आणि पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख. ही तिसरी नोंद हमखास राहते. राहिलीच, तर शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाल्यावर सदस्याला ती स्वतः पोर्टलवर घालता येते. जाणाऱ्याला एवढं सांगून ठेवा.