थोडा वेळ थांबताना सायकलचे कुलूप: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघून दौलताबादचा घाट चढणाऱ्या, खुलताबादला चहा घेऊन वेरूळ गाठणाऱ्या सायकलस्वाराला आपली सायकल रात्रभर रस्त्यावर ठेवायची नसते. त्याला ती टपरीसमोर दहा मिनिटे, रसवंतीसमोर पंधरा मिनिटे आणि फार तर मंदिराबाहेर अर्धा तास ठेवायची असते. दुकानात कुलूप निवडताना मात्र त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो बोल्ट कटर घेऊन आलेला सराईत चोर. दहा मिनिटांच्या थांब्यावर गाठ पडते ती वेगळ्याच माणसाची: मोकळी सायकल दिसली म्हणून तिच्यावर बसून निघून जाणाऱ्याची, किंवा ‘गिअरची सायकल कशी चालते ते पाहू’ म्हणून चक्कर मारायला नेणाऱ्या पोराची. या दोघांकडेही हत्यार नसते. म्हणून थोड्या वेळाच्या कुलपाने एवढेच साधले पाहिजे, की सायकल कोणाला लगेच हलवता येऊ नये आणि आपल्याला हातातला कप खाली ठेवून तिथपर्यंत पोहोचायला अवधी मिळावा.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे घरीच राहील असे कुलूप घेणे. चांगल्या यू-लॉकचे, म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या जाड पोलादी कडीच्या कुलपाचे, वजन साधारण एक ते दीड किलो असते. म्हैसमाळच्या चढावर पाण्याची दुसरी बाटलीसुद्धा जड वाटू लागते, तेव्हा असे कुलूप पहिल्या रविवारी सोबत येते, दुसऱ्या रविवारी कुरकुरत येते आणि तिसऱ्या रविवारी दाराच्या खिळ्याला लटकलेले राहते. याउलट गुंडाळून आत जाणाऱ्या बारीक तारेचे छोटे कुलूप शंभर ग्रॅमच्या आसपास भरते आणि जर्सीच्या मागच्या खिशात मावते. ती तार साध्या कटरने क्षणात तुटते, हे खरेच आहे. त्यामुळे सायकल नजरेसमोर असेल तेवढ्यापुरताच तिचा उपयोग धरावा. घडीचे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकमेकींवर दुमडणारे, कुलूप या दोन्हींच्या मधले. त्यातली हलकी कुलपे अर्ध्या किलोपासून सुरू होतात आणि मजबूत कुलपे वजनात यू-लॉकच्या जवळ जातात. माझ्या मते एकाच कुलपाकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हट्ट सोडावा, फेरीसाठी बारीक तार खिशात ठेवावी आणि बसस्थानक, बाजार किंवा कार्यालयाबाहेर सायकल ठेवायची असेल त्या दिवशी यू-लॉक न्यावे.

जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला कायमचे बसवलेले गोल कुलूप आठवून काही जण म्हणतात, की तसेच एखादे नव्या सायकलीला लावले म्हणजे झाले. कुलूप सायकलीवरच राहते आणि एका हाताने लागते, हा त्या पद्धतीचा गुण निर्विवाद आहे. पण ती सायकल वीस किलोच्या घरातली असे आणि चाक अडवले की खांद्यावर टाकून ती पळवणे अवघड असे. आजची नऊ-दहा किलोंची रोड बाईक मात्र कोणीही एका हाताने उचलून टेम्पोत टाकू शकतो. चाक अडवणे पुरेसे नाही. सायकल कशाला तरी बांधलेलीच हवी.

ती कशाला बांधावी, यातही फसगत होते. पैठण रस्त्यावरच्या एका रसवंतीपाशी मी सायकल मांडवाच्या बांबूला मोठ्या काळजीने बांधली होती. वळवाचे ढग भरून आले, तशी मालकाने घाईघाईने मांडव उतरवायला घेतला, बांबू जमिनीतून उपसला आणि सायकल त्याच बांबूसकट भिंतीला टेकवून ठेवली. कुलूप शाबूत, सायकल मोकळी. तेव्हापासून बांधण्याआधी मी खांब हलवून पाहतो आणि त्याचे वरचे टोकही पाहतो, कारण पाटीच्या आखूड खांबावरून कुलपासह सायकल वर उचलून काढता येते. पावसाळ्यात विजेच्या लोखंडी खांबाला सायकल कधीच बांधू नये. तिथे चोरीपेक्षा खांबात उतरलेल्या प्रवाहाचा धोका मोठा असतो. बांधण्याजोगे काहीच नसेल आणि सोबत कोणी असेल, तर दोन सायकली एकीचे हँडल दुसरीच्या सीटकडे येईल अशा उलट-सुलट लावून एकाच तारेने एकमेकींना जखडाव्यात. अशी जोडी चालवता येत नाही आणि उचलून नेणेही सोपे नसते.

आता तार कशातून ओवायची ते पाहू. बहुतेक जण समोर दिसणारे पुढचे चाक तेवढे बांधून निश्चिंत होतात. क्विक रिलीजचे पुढचे चाक खटका फिरवून काही सेकंदांत निघते, म्हणजे चाक खांबापाशी आणि उरलेली सायकल परागंदा. फक्त फ्रेम बांधली, तर उलट चाके जातात. अमेरिकेतील मेकॅनिक आणि तंत्रलेखक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी यू-लॉकसाठी सांगितलेली युक्ती इथे फार उपयोगी आहे: फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येणाऱ्या मागच्या चाकाच्या रिमभोवती कुलूप घालून ते खांबाला लावावे. चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नसल्यामुळे मागचे चाक आणि फ्रेम अशी दोन्ही एकाच कुलपात अडकतात, आणि लहान आकाराचे, म्हणजे हलके यू-लॉकही पुरते. बारीक तारही याच जागेतून ओवावी, आणि लांबी उरली तर ती पुढच्या चाकातून व हेल्मेटच्या पट्ट्यातून फिरवावी. कुलूप जमिनीवर लोंबकळू देऊ नये, कारण खाली दगड ठेवून वरून घाव घालणे सोपे जाते. किल्लीचे भोक खालच्या बाजूला राहील असे पाहावे, म्हणजे पाऊस आणि धूळ आत शिरत नाही.

खरेदीच्या वेळी जाडीवर जाऊ नये. बोटाएवढ्या दिसणाऱ्या तारेत बरीच जाडी प्लास्टिकच्या आवरणाची असते आणि आत पोलादाचे बारीक धागे असतात. कुलपाचा मजबूतपणा चोराच्या हत्यारांनी तपासून ब्राँझपासून डायमंडपर्यंत श्रेणी देणारी ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था ब्रिटनमध्ये आहे. ती श्रेणी छापलेली असेल तर यू-लॉक घेताना जरूर पाहावी, मात्र खिशातल्या तारेवर तशी श्रेणी नसेल तर निराश होऊ नये. गोल नळीसारख्या किल्लीचे जुन्या घडणीचे कुलूप मात्र टाळावे. २००४ साली क्रिप्टोनाइट या नामवंत कंपनीची अशी भक्कम यू-लॉक बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात, हे उघडकीस आले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. कडी पोलादी होती, दुबळे होते ते आतले यंत्र.

आकड्यांच्या कुलपाबाबतही थोडा हिशेब करावा. तीन आकड्यांचे एक हजार क्रमांक होतात आणि सेकंदाला एक या वेगाने ते सगळे सतरा मिनिटांत संपतात, म्हणजे टपरीवर रिकामा बसलेला एखादा उत्साही मुलगा दुसरा चहा संपेपर्यंत कुलूप उघडू शकतो. चार आकड्यांना याच वेगाने पावणेतीन तास लागतात. पण कुलूप लावताना आपण एकच चकती एक घर सरकवली, तर चार आकड्यांचाही काही उपयोग उरत नाही. सर्व चकत्या फिरवाव्यात. कारखान्यातून आलेला ०००० हा क्रमांक बदलायला विसरणारेही कमी नाहीत.

थांबा लांबणार की नाही, याचा अंदाज मात्र कुलपाआधी बांधायला हवा. वेरूळला ‘पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो’ म्हणून घृष्णेश्वराच्या रांगेत शिरलेला माणूस श्रावणी सोमवारी केव्हा बाहेर येईल हे तोही सांगू शकत नाही, आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारी हीच गत असते. सायकल नजरेआड झाली की बारीक तारेची मर्यादा संपली. अशा वेळी एकाने बाहेर थांबावे, किंवा ओळखीच्या प्रसाद-हारवाल्याच्या दुकानाआत सायकल ठेवून त्याच्याकडून हार घ्यावा; हा उपाय कोणत्याही कुलपापेक्षा सरस ठरतो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे. किल्ली जर्सीच्या मागच्या खिशात ठेवणाऱ्यांची तिथे जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालावी.

दिवा, सायकल-कॉम्प्युटर आणि पंप यांना कुलपाचे संरक्षण नसते. ते काढून सोबत न्यावेत. तळाशी, पेडलच्या दांड्याच्या नळीखाली कोरलेल्या फ्रेम क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण पोलिसांत तक्रार देताना रंग आणि कंपनी यांपेक्षा तोच कामाला येतो.

शेवटी बिघाडांविषयी. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली भुरभुरीत धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या रानाचा चिखल कुलपाचे पार वाटोळे करतात. किल्ली फिरेना म्हणून खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल सोडणे ही नेहमीची चूक आहे. दोन दिवस ते गुळगुळीत चालते, मग तेलावर धूळ बसून आत चिकट लगदा तयार होतो. त्याऐवजी फुंकर किंवा पंपाच्या हवेने भोक साफ करावे आणि पेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दात्यांवर घासून ती अनेकदा आत-बाहेर करावी. ग्राफाइट कोरडे असल्याने धूळ धरत नाही. जोर लावून किल्ली तोडू नये, आणि दुसरी किल्ली पहिलीच्या रिंगणात न अडकवता घरी ठेवावी. आकड्यांचे कुलूप क्रमांक बरोबर असूनही उघडत नसेल, तर कडी हलकेच ओढून धरून एकेक चकती किंचित मागे-पुढे हलवावी. तरीही ते अडून राहिले, तर क्रमांक बदलताना एखादी चकती एक घर सरकली असण्याची दाट शक्यता असते. म्हणून प्रत्येक आकड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा लावून पाहावा. करवत मागवण्याआधी एवढी दहा मिनिटे जरूर द्यावीत.