केनियातील बालगृहात स्वयंसेवक म्हणून जाताना

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या वसतिगृहात मी पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलो, तेथे पाहुणे येण्याचे दिवस ठरलेले असत: पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर आणि तालुक्यातील एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. त्या दिवशी फळवाटप होई. आम्ही रांगेत उभे राहून हातात केळे घेत असू, छायाचित्र निघे आणि पाहुण्यांची गाडी फाट्यावर पोहोचेपर्यंत केळ्यांच्या साली गोळा करण्याची पाळी कोणाची यावरून आमची भांडणे सुरू झालेली असत. पुढे पश्चिम केनियातील किसुमूजवळच्या एका बालगृहात तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा मी रांगेच्या दुसऱ्या बाजूला होतो. आता आमच्या भागातील परिचारिका, शिक्षक आणि समाजकार्याचे विद्यार्थी तिकडे जाण्याविषयी विचारतात, म्हणून हे टिपण.

संस्था निवडणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. बालगृह म्हटले की आपण मुले अनाथ असल्याचे गृहीत धरतो. प्रत्यक्षात जगभरातील अशा संस्थांमधील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शाळेचा खर्च, आजारपण किंवा दोन वेळच्या जेवणाची भ्रांत यांमुळे मूल संस्थेत येते, आणि हे कारण विदर्भातील वसतिगृहांत राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परदेशी पाहुणे पैसे देतात हे लक्षात आल्यावर काही ठिकाणी मुलांना घरून आणून संस्था भरण्याचेही प्रकार घडले. म्हणूनच केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ च्या बालक कायद्यानंतर मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचे धोरण आणखी पक्के झाले. रवांडाने ही वाट २०१२ मध्येच धरली होती. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधले.

त्यामुळे पत्रव्यवहार सुरू करतानाच चार प्रश्न सरळ विचारावेत. संस्थेची सरकारी नोंदणी आहे का? मुले कोणाच्या आदेशाने दाखल होतात? गेल्या वर्षभरात किती मुले आपल्या नातेवाइकांकडे परत गेली? माझ्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला हवा आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘त्याची काही गरज नाही, तुम्ही फक्त या’ असे उत्तर आले, तर त्या संस्थेत जाऊ नये. जी संस्था अनोळखी माणसाला विनाचौकशी मुलांमध्ये सोडते, ती आणखी कोणाकोणाला सोडत असेल याचा विचार करावा. हा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि विदर्भासाठी ते कार्यालय नागपुरात आहे.

कागदपत्रांत एक चूक नेहमी होते. जानेवारी २०२४ पासून केनियात प्रवेशासाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. मात्र पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर विनावेतन कामही करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो यजमान संस्थेमार्फतच काढावा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे, कारण ते नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे आणि तेथे हिवताप कायम असतो. गडचिरोलीच्या माणसाला मच्छरदाणीचे महत्त्व सांगायला नको, पण प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

आपली उन्हाळ्याची सुटी पाहून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. मे-जूनमध्ये तिकडे दुसरे सत्र चालू असते आणि मुले दिवसभर शाळेत असतात. माझी पहिल्या आठवड्यात यावरून निराशा झाली होती. नंतर कळले की हीच वेळ सर्वांत उपयोगाची आहे.

याचे कारण मला एका चुकीतून उमगले. तेथे चार वर्षांचा एक मुलगा होता. मी त्याला रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन जेवू घालत असे आणि तो माझ्या हातून जेवतो याचा मला अभिमानही वाटे. महिन्याभराने त्याची देखभाल करणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणजे आई म्हणत, मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की तो आता त्यांच्या हातून जेवत नाही. त्याला त्यांची सवय व्हायला दोन वर्षे लागली होती आणि मी तर ऑगस्टमध्ये निघणार होतो. लहान मुलाच्या आयुष्यात माणसे येत राहिली आणि जात राहिली, तर पुढे ते कोणालाही चटकन बिलगू लागते किंवा कोणालाच जवळ येऊ देत नाही. म्हणून अंघोळ घालणे, भरवणे, झोपवणे ही कामे कायम राहणाऱ्या माणसांकडेच असू द्यावीत आणि आपण त्यांच्या हाताखाली काम करावे. त्यानंतर मी औषधांच्या नोंदवहीचे रकाने आखून दिले, बिघडलेले शिवणयंत्र दुरुस्त केले आणि कर्मचाऱ्यांना जखमेवर पट्टी बांधण्याचे धडे दिले. भिंती रंगवण्याचा उत्साह मात्र आवरावा. तो रोजगार गावातील रंगाऱ्याचा आहे.

मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये, आणि त्यांच्या पूर्वायुष्याची चौकशी तर मुळीच करू नये. छायाचित्रांविषयी मी कडक आहे. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. हाच नियम परदेशातील मुलालाही मनाने लावावा. भेटवस्तू कोणा एका मुलाच्या हाती न देता कार्यालयात द्याव्यात, शक्यतो किसुमूच्याच बाजारातून घ्याव्यात आणि आधी काय हवे ते विचारावे. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत असले तरी गणवेशाचा खर्च उरतोच. त्यामुळे खेळण्यांपेक्षा गणवेशाची मागणी अधिक होते.

किसुमूत भारतीय चेहरा नवा नाही. भारतीय मजुरांच्या श्रमातून बांधलेला लोहमार्ग १९०१ मध्ये तेथे पोहोचला आणि गुजराती दुकाने त्यामागून आली. त्यामुळे तुम्ही ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, आणि म्हणूनच पैसेवाला दुकानदार म्हणून ओळखले जाल. आपले वडील तीन एकर कोरडवाहू कापूस पिकवतात हे पटवून द्यायला वेळ लागतो. ‘हबारी’ (काय खबर) आणि ‘असांते’ (धन्यवाद) हे स्वाहिली शब्द पुरतात, पण तेथील लुओ लोकांच्या भाषेतील ‘एरो कमानो’, म्हणजे धन्यवाद, ऐकले की स्वयंपाकघरातील बाया हसून दाद देतात. जेवणात मक्याच्या पिठाचा उगाली आणि सुकुमा विकी ही पालेभाजी असते; ज्वारीच्या कण्या खाल्लेल्या माणसाला उगाली जड जात नाही. शाकाहारी व्यक्तीने सरोवरातील ओमेना या बारीक मासळीविषयी आधीच कल्पना द्यावी.

निघण्याची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी आणि शेवटच्या आठवड्यात ती पुन्हा आठवून द्यावी. ‘पुन्हा येईन’ हे वाक्य, तिकीट हाती नसेल तर, उच्चारू नये. मुले ते मोजून ठेवतात. आम्हीही वसतिगृहात मोजत असू.

परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर ग्रामीण रुग्णालयात पोहोचताच आपण केनियात राहून आल्याचे सांगावे आणि त्याच दिवशी हिवतापासाठी रक्ततपासणी करून घ्यावी.